पार्किंगमधली वहिवाट

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागा वाटल्या गेल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने लिफ्टजवळची जागा मागितली. आबांनी मागितली नाही. ते बिल्डरच्या माणसाबरोबर तळमजल्यावर खांबांमधून हिंडले, एका कोपऱ्यात थांबले, पायाने फरशी दाबून पाहिली आणि म्हणाले की इथल्या द्या, शेजारीशेजारी दोन. तो कोपरा लिफ्टपासून सगळ्यात लांब होता आणि पावसाळ्यात तिथली भिंत ओल धरायची. बिल्डरच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही. आबांना कळलं होतं. पूर्वी त्या ठिकाणी त्यांचा गोठा होता.

सोसायटी उभी आहे ती जमीन आबांची. तिच्या मोबदल्यात त्यांच्या कुटुंबाला काही सदनिका मिळाल्या. दोन जागांपैकी एकीत त्यांच्या थोरल्या मुलाची मोठी काळी गाडी असते. दुसऱ्या जागेत आबांनी बाज टाकली, शेजारी पाण्याचा जार ठेवला आणि खांबाला एक पंखा लावून घेतला. जेवण झालं की ते तिथे येऊन बसायचे. गावातले त्यांच्या वयाचे दोघे-तिघे यायचे. माझी नोकरी तेव्हा संपली होती. वर्तमानपत्रासाठी महापालिकेच्या बातम्या देण्यात उमेदीची वर्षं गेली होती आणि दुपारी घरात बसण्याची सवय अंगात नव्हती, म्हणून मीही जायचो. तळमजल्यावर गारवा असे. आबा फारसं बोलत नसत. एखादी गाडी वळताना खांबाला घासली की मात्र ते न चुकता म्हणत, "बैल बरा. त्याला अंग किती रुंद हाय ते ठावं असतं."

बाजेबद्दल समितीची तक्रार होती. पार्किंगच्या जागेचा वापर पार्किंगसाठीच करायचा, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. समितीचे सचिव हिंजवडीजवळच्या माण गावात एका आयटी कंपनीत काम करतात. सरळ, कामसू माणूस. इलेक्ट्रिक गाडी घेणारे सोसायटीतले ते पहिले. चार्जिंग पॉइंट कुठे बसवायचे, वायर कुठून न्यायची, अग्निशामकचं काय, हे सगळं त्यांनी स्वतः वाचून, दोन-तीन इलेक्ट्रिशियनशी भांडून मार्गी लावलं होतं. त्यांनी आबांना बाजेबद्दल दोनदा सांगून पाहिलं. आबांनी दोन्ही वेळा त्यांना बसायला जागा करून दिली आणि घरचं क्षेमकुशल विचारलं. तिसऱ्यांदा सचिवांनी विषय काढला नाही.

आमच्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने दुकानांची ओळ आहे. त्यातल्या शेवटच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र आहे. ते चालवणाऱ्या ताई लातूरकडच्या. त्यांचे यजमान चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. सोसायटीतली निम्मी घरं कधी ना कधी ताईंच्या पोळ्यांवर जेवलेली आहेत. ज्या घरात दोघंही वाकड-हिंजवडीला नोकरी करतात, तिथली मुलं शाळेतून आल्यावर थेट गाळ्यावर जातात आणि ताई त्यांना पानातलं टाकू देत नाहीत. समितीच्या सभेतसुद्धा चहानंतर जे पोहे येतात ते त्यांच्याकडचे. सोसायटीत त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधावं लागेल.

यजमानांच्या ओळखीने ताईंना कंपनीच्या कॅन्टीनचं काम मिळालं. आधी पहिल्या शिफ्टच्या जेवणाचे डबे. ते दोन महिने नीट चालल्यावर कॅन्टीनच्या ठेकेदाराने दुसऱ्या शिफ्टचेही देऊन बघू म्हटलं. त्याची अट सोपी होती. महिनाभर बघणार, डबे गरम आणि वेळेवर आले तर काम पक्कं. ताईंनी त्या भरवशावर इलेक्ट्रिक तीनचाकी टेम्पो घेतला आणि तो चालवायला स्वतः शिकल्या. रोजचा रस्ता रावेत, निगडी, मग स्पाईन रोड, मोशी आणि चाकण. रात्री दूरच्या घरी भरलेल्या चार्जिंगवर सकाळची एक फेरी नीट व्हायची. संध्याकाळच्या फेरीसाठी गाडीला दुपारी पुन्हा तीन-चार तास वीज लागायची.

आता ती कुठे द्यायची, हा प्रश्न होता. इमारतीच्या मंजूर नकाशात तीन गोष्टी होत्या. आतल्या बाजूला रहिवाशांचं पार्किंग. समोर दुकानांच्या गिऱ्हाइकांचं पार्किंग. बाजूला माल चढवण्या-उतरवण्याची जागा, म्हणजे लोडिंग एरिया. समोरचं पार्किंग रस्ता रुंदीकरणात गेलं. बाजूची जागा राहिली, पण तिच्यात गाडी फक्त माल घेण्या-देण्यापुरती थांबवायची, उभी करून ठेवायची नाही. नव्या इमारतींत पार्किंगचा काही भाग चार्जिंगसाठी तयार ठेवावा लागतो. तो आमच्याकडे होता, पण रहिवाशांच्या पार्किंगमध्ये, आणि तिथे फक्त सदनिकाधारकांनी गाडी लावायची असा समितीचा ठराव होता. म्हणजे जिथे गाडीला थांबता येत होतं तिथे ताईंचा हक्क नव्हता, आणि जिथे ताईंचा हक्क होता तिथे गाडीला थांबता येत नव्हतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. प्रत्येक नियम आपापल्या जागी शहाणाच होता.

ताईंनी आधी गाळ्याच्या खिडकीतून वायर काढून लोडिंग एरियात गाडी लावून पाहिली. शेजारच्या किराणा दुकानाचा माल दुपारीच यायचा. टेम्पोवाल्याने दोन दिवस हॉर्न वाजवला, तिसऱ्या दिवशी साखरेची पोती ताईंच्या गाडीला टेकवून रचली आणि निघून गेला. त्याला विचारलं तर म्हणाला, मला सांगितलंय इथं उतरव, मी इथं उतरवलं. मग ताई हायवेजवळच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊ लागल्या. तिथे दुपारी वाकडच्या कॅबवाल्यांची रांग असते. ते त्यांना "ताई, आधी तुम्ही लावा" म्हणायचे, पण दुपारच्या जेवणाला निघून गेलेल्या एखाद्या ड्रायव्हरची गाडी सॉकेट अडवून उभी असली की त्यांचाही इलाज चालत नसे. एका संध्याकाळी ताईंना निघायला उशीर झाला आणि मोशीच्या कोंडीत आणखी उशीर झाला. दुसरी शिफ्ट जेवायला बसून डब्यांची वाट बघत राहिली. ठेकेदाराने आवाज चढवला नाही. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या शिफ्टचं काम दुसऱ्याला देईन, एवढंच तो बोलला.

ताईंच्या गाळ्याची मागची भिंत आणि आबांच्या बाजेमागची भिंत एकच होती. भिंतीला एक भोक पाडलं असतं तर गाळ्याच्या मीटरवरून थेट आबांच्या जागेत सॉकेट आला असता, बिल ताईंच्या नावावर. कुणाच्या विजेचा प्रश्न नाही, लांब वायरचा प्रश्न नाही. हे ताईंना इलेक्ट्रिशियनने सांगितलं आणि त्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाजेपाशी आल्या. आबांसाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. त्यांनी सगळं नीट सांगितलं. गाडी दुपारीच लावायची, आबांची बाज भिंतीच्या कडेला सरकवली तर दोन्ही मावतं, संध्याकाळी जागा रिकामी.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. चटणी ठेवून घेतली.

ताई गेल्या. मग आबांनीच, मी विचारलं नसताना, कारण सांगितलं. आबांच्या तरुणपणी त्यांच्या शेतामागच्या शेतकऱ्याचा ऊस तोडायला आला होता आणि त्याला गाडी काढायला वाट नव्हती. आबांनी आपल्या बांधावरून गाड्या जाऊ दिल्या, एका हंगामापुरत्या. पुढच्या वर्षी तो न विचारता आला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याची मुलं आली. आबांनी अडवलं तेव्हा प्रकरण मामलेदाराकडे गेलं आणि निकाल लागला की इतक्या वर्षांची वहिवाट आहे, वाट बंद करता येणार नाही. पुढे शहराच्या विकास आराखड्यात रस्ते आखले गेले तेव्हा ती वाट आयतीच होती. तिचाच रस्ता झाला, तोच पुढे रुंद झाला.

"ह्यो म्होरचा रस्ता हाय ना," आबा म्हणाले, "मी एकदा व्हय म्हणलो, त्याचा झालाय. पोरगी गुणाची हाय, पन वायर आली की वहिवाट आली."

तो रस्ता झाला म्हणून बिल्डर त्यांच्या जमिनीपर्यंत पोचला, हेही खरं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि ऐकायला आवडत नसे.

दुसरीही एक गोष्ट खरी होती. वहिवाट जमिनीला लागते, पार्किंगच्या जागेला नाही, कारण ती जागा आबांची नव्हतीच. पार्किंग सोसायटीच्या सामाईक मालकीचं असतं, सभासदाला फक्त वापरायला मिळतं. बिल्डरने त्यांना तोंडी "ही तुमचीच" म्हटलं होतं आणि आबांनी ते जमिनीसारखं धरलं होतं. साऱ्या आयुष्यात ज्यांनी बांध, हिस्सा आणि ताबा एवढ्याच भाषेत जागा पाहिली, त्यांच्याकडून दुसरं काही होणं कठीण होतं. सचिवांनी मला नियमाबद्दल विचारलं तेव्हा मी जे आहे ते सांगितलं. त्यांनाही ते माहीत होतं, खात्री करून घ्यायची होती. त्यांना ताईंची काळजी होती. नियमांच्या चौकटीत राहून त्यांची अडचण सुटते आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये सभा झाली. पुढच्या ओळीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत आबा बसले होते, हातात टोपी. आदल्या दिवशीच ताईंची गाडी स्टेशनवरून अर्धवट चार्ज होऊन आली होती आणि त्या चाकणला जेमतेम वेळेत पोचल्या होत्या. सभेला हे माहीत होतं. ताई पोहे घेऊन आल्या होत्या, त्यांना सचिवांनी थांबवून घेतलं.

सचिवांनी शांतपणे मुद्दा मांडला. ज्या जागेत वाहन नाही ती समितीला परत घेता येते. तशी एक जागा आहे. तिथे सामाईक चार्जिंग पॉइंट करावा, दुपारच्या वेळात तो दुकानदारांनाही द्यावा, म्हणजे ताईंचं काम होईल. जागा कुणाच्या मालकीची नसते, हे त्यांनी एकाच वाक्यात आणि खाली बघत सांगितलं. आबांचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना पुढच्या ओळीकडे वळल्या. आबांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

कुणीतरी हात वर करा म्हणालं. तेवढ्यात मागून ताई बोलल्या.

"सर, मला अशी नको."

सचिवांना वाटलं, त्यांना नीट समजलं नाही. ते पुन्हा समजावू लागले. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की ताई, तुमच्याच भल्याचं चाललंय, बसून घ्या. ताई बसल्या नाहीत. पोह्यांचं भांडं त्यांनी टेबलावर ठेवलं.

"भलं कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पण गाडी रोज त्यांच्या बाजेशेजारी लावायचीय. त्यांना हरवून लावली तर मी तिथं उभी कशी राहू? आबांनी दिली तर लावीन. नाही दिली तर बघीन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?" सचिवांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

"ते अजून ठरलं नाही," ताई म्हणाल्या आणि पोहे वाढायला लागल्या.

विषय पुढच्या सभेवर गेला. आबा पोहे न खाता उठले. जाताना सचिवांना म्हणाले, सभा लांबली, गुडघे धरले. कुणालाही त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मत दिलं की बाईंनी हातची संधी घालवली, आणि त्या वेळी ते चुकीचं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी ताई डबे भरत असताना आबा गाळ्यावर आले. असं ते पूर्वी कधी आले नव्हते. त्यांनी मला जाताजाता हाक मारली, किराणावाल्याला बोलावलं, वॉचमनला गेट सोडून यायला सांगितलं आणि सचिव ऑफिसला निघाले होते त्यांची गाडी हात करून थांबवली. चार माणसं झाल्यावर त्यांनी ताईंना विचारलं की जागा कुणाची.

"तुमची," ताई म्हणाल्या.

सचिवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ही त्यांची मोठी गोष्ट होती.

"वरसातनं एक दिस जागा बंद ऱ्हाईल," आबा म्हणाले. "मी काटी टाकीन. त्या दिशी गाडी लावायची न्हाई. वहिवाट तुटली पायजे."

आडवाटेवर मालकाने वर्षातून एकदा काटेरी फांदी टाकून ती दिवसभर बंद ठेवायची, म्हणजे हक्क मालकाचाच राहतो, अशी त्यांच्या गावातली जुनी पद्धत होती. त्या काळी आपण काटी टाकली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं आबांचं ठाम मत होतं. ताईंनी मान्य केलं. त्या आठवड्यातच भिंतीला भोक पडलं. सचिवांनी स्वतः उभं राहून जाड पिनचा सॉकेट, ट्रिप होणारा स्विच आणि वर आग विझवायचं लाल नळकांडं बसवून घेतलं. बाज भिंतीकडे सरकली. समितीच्या कागदात ही व्यवस्था "सभासदाच्या संमतीने दुपारचा तात्पुरता वापर" अशी नोंदली गेली. मजकूर माझ्याकडून लिहून घेतला होता. त्यात कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

दुपारची बैठक तशीच चालू राहिली, फक्त शेजारी टेम्पो आला. आबा सॉकेटवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवून असत. कुणी मूल स्विचकडे गेलं तर त्याच्याकडे नुसतं बघत. ताई पिन काढायला आल्या की विचारत, पोट भरलं का हिचं. एकदा वीज गेली तेव्हा त्यांनी विद्युत कंपनीच्या तक्रार क्रमांकावर स्वतः फोन केला आणि पलीकडच्या माणसाला, चाकणला लोक उपाशी बसतील, असं इतक्या वेळा सांगितलं की त्याने शेवटी, आबा, लगेच बघतो म्हटलं.

ठेकेदाराने ठरवलेला महिना संपायला थोडे दिवस राहिले असताना आबांनी ताईंना सांगितलं, उद्या काटी. ताईंना वाटलं होतं की वर्षातून एकदा म्हणजे वर्ष सरताना. आबा म्हणाले की पहिली काटी पहिला महिना भरायच्या आत पडली पाहिजे, नाहीतर महिना भरला अशी साक्ष द्यायला लोक असतात. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी शब्द दिला होता. त्या दिवशीची संध्याकाळची फेरी कशी करायची, हे त्यांनी कॅबवाल्यांना, यजमानांना, मलाही विचारलं. शेवटी स्टेशनवरच जाऊन बघायचं त्यांनी ठरवलं.

सकाळी जागेत बाभळीची फांदी आडवी पडलेली होती. पुनावळ्यात आता बाभूळ शोधून सापडत नाही. ती आबांनी माणच्या पलीकडून एका पाहुण्याच्या शेतातून आणवली होती. सचिवांनी जाताना फांदीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि निघून गेले. दुपारी ताई पहिली फेरी करून आल्या आणि टेम्पो घेऊन स्टेशनला निघायच्या तयारीत होत्या, तेवढ्यात थोरल्याची मोठी काळी गाडी मागे येत येत लोडिंग एरियात लागली. चालवायला थोरला होता, कामावरून बोलावून आणलेला. पुढच्या सीटवर आबा, धुतलेलं धोतर नेसून.

"डबे भर," आबांनी काच खाली करून सांगितलं. "काटी जागंला हाय. जेवनाला न्हाई."

ताईंनी आत जाऊन राहिलेल्या पोळ्या उरकल्या आणि डबे भरले. मग किराणावाला, त्याचा टेम्पोवाला आणि मी असे आम्ही सगळ्यांनी क्रेट उचलले. मागची अर्धी सीट पाडली, तिच्यावर आबांनी घरून आणलेली सतरंजी अंथरली होती. आमटीचं मोठं भांडं आबांनी पायांमध्ये धरलं. माल चढला, मागे उरलेल्या सीटवर ताई बसल्या आणि गाडी लगेच निघाली.

पुढचं ताईंनी सांगितलं. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने काळी गाडी आणि पुढे बसलेले टोपीवाले आबा पाहून सलाम ठोकला आणि पासही न विचारता आत सोडलं. आबांनी सलाम घेतला. डबे वेळेच्या आधी पोचले. ठेकेदाराने आबांना बसवून जेवायला घातलं. त्यांनी भाजीची चव घेऊन, ही आपल्याच घरची हाय, असं त्याला सांगितलं. येताना मोशीच्या कोंडीत थोरला वैतागला तर त्याला म्हणाले की बायकामाणूस रोज यातून जातं, तू एक दिस जा.

रात्री परत आल्यावर त्यांनी फांदी स्वतः उचलली आणि वॉचमनला झाडू मारायला सांगितलं. टायरात काटा जाईल म्हणाले.

महिना भरला. काम पक्कं झालं. ताईंनी ते आधी बाजेपाशी येऊन सांगितलं, यजमानांना मग फोन केला. आबांनी मान डोलावली. आता डबे वाढतील का, विचारलं. ताई म्हणाल्या, वाढतील, गावाकडच्या दोन भावजयांना बोलावून घेणार आहे. मग दुसरी गाडी लागेल, आबा म्हणाले. ताई म्हणाल्या, लागेल, पण एवढ्यात नाही.  ताई गेल्यावर ते उठले, शेजारच्या जागेत उभ्या असलेल्या काळ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि परत बाजेवर बसले.

पुढच्या आठवड्यापासून थोरल्याची गाडी बाहेर रस्त्यावर दिसू लागली आणि बाजेशेजारची तिची जागा मोकळी राहू लागली. आमच्या रस्त्यावर सम-विषम तारखेला बाजू बदलून गाड्या लावायच्या असतात. मी खाली जाऊन पाहिलं. त्या दिवशी सम तारीख होती आणि गाडी बरोबर बाजूला लावलेली होती.